युवराजांच्या पोटाला वेढा

मंगळवार, २३ एप्रिल १८११

जेथ्रोचं पत्र आलं! स्पेनहून यायला सात आठवडे लागले, पण आलं. भाऊ जिवंत आहे. दोन हात, दोन पाय शाबूत – "पण पायांत घालायला काही नाही," असं लिहितो. बुटांचे तळवे डोंगर चढतानाच गळून पडले. निम्मी पलटण पायांना घोंगडीच्या चिंध्या बांधून चालते आहे. महिनाभर एका किल्ल्याला वेढा घालून बसलेत आणि शिड्या आखूड पडतायत! "ताई, भिंतीएवढी शिडी करायची तर आधी भिंत मोजावी लागते, हे आमच्या साहेबांनाही कळतं. पण मोजायला पुढे जाणार कोण?" मरणाच्या दारात उभा राहूनही याची चेष्टा संपत नाही.

आणि आजच दुपारी आमच्या मालकीण ग्रिंडलबाईंनी चित्रांच्या दुकानात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. युवराजांना नवा गणवेश शिवायचाय, त्यासाठी वाड्यावर अकरा शिंपी बोलावलेत. अकरा! म्हाताऱ्या राजेसाहेबांचं डोकं फिरल्यापासून सगळा कारभार या चिरंजीवांकडे. गादीवर लोळत लढाईचे हुकूम सोडायचे. उंटावरून शेळ्या हाकतात ते असंच.

अकरा शिंपी. आखूड शिड्या. मी हातातला कुंचला खाली ठेवला. अख्खं चित्र दिसलं मला, अगदी बेंबीसकट.

गुरुवार, २५ एप्रिल

झालं! दोन दिवस पाव आणि चहा, दुसरं काही पोटात नाही.

मध्यभागी युवराजांचं पोट – कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बुरुजांसकट किल्लाच. चहूबाजूंनी शिंप्यांची फौज शिड्या लावून चढतेय आणि शिड्या आखूड पडतायत. एक जण मोजपट्टीला लोंबकळतोय. एक बेंबीत कमरेपर्यंत अडकलाय, दुसरा त्याची तंगडी ओढतोय. युवराज मात्र वर कोंबडीची तंगडी खाण्यात दंग! आणि खाली, अगदी कडेला, चार अनवाणी शिपाई शिंप्यांनी टाकलेल्या चिंध्या गोळा करून पायांना गुंडाळतायत. त्यातल्या एकाचं नाक जेथ्रोचं आहे.

ग्रिंडलबाई चहा पीत होत्या. चित्र पाहिलं आणि चहा नाकातून बाहेर! "पोरी, तू मला तुरुंगात घालणार!" म्हणाल्या, आणि त्याच दमात, "टिकेलला निरोप पाठव. सोमवारपर्यंत छापायचा पत्रा कोरून हवा."

टिकेल आला. हसला नाही. नुसती शिटी वाजवली, म्हणजे फारच आवडलं. कोरण्यात हा माणूस बाप आहे, हे मी कुणापुढेही कबूल करीन. तांब्याच्या पत्र्यावर त्याची सुई चालते तशी अख्ख्या लंडनमध्ये कुणाची चालत नाही. पण कोऱ्या कागदावर साधं कुत्रं काढायला सांगा, बोकड निघतो! सहा वर्षं हेच चाललंय. काढते मी, कोरतो तो, वाहवा त्याची. आयत्या बिळावर नागोबा.

आमच्या धंद्याची रीत आहे – छापाखाली डाव्या कोपऱ्यात चित्र काढणाऱ्याचं नाव, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं. उजवीकडे दर वेळी ए. टिकेल. डावा कोपरा सहा वर्षं रिकामा.

"या वेळी माझं नाव घाला," मी म्हटलं.

"डॉर्कस, तू रंग भरणारी बाई. बाईने काढलेल्या पोटावर कोण हसेल?"

"आत्ता तुम्हीच शिटी वाजवलीत!"

ग्रिंडलबाई चष्मा पुसत बसल्या. स्वतः बाई असून दुकान चालवतात, पण दारावरची पाटी अजून मेलेल्या नवऱ्याच्याच नावाची. "पुढच्या वेळी बघू," म्हणाल्या. हे 'पुढच्या वेळी' मी आजवर एकोणीस वेळा ऐकलंय. मोजल्यात मी.

मंगळवार, ३० एप्रिल

सकाळपासून रंगाचं टेबल चालू. आम्ही पाच जणी, प्रत्येकीकडे एकच रंग. कागद हातोहात सरकत जातो – मी चेहऱ्यांचा गुलाबी, मग लाल, पिवळा, हिरवा, आणि शेवटी निळा. निळा वीस वर्षं मर्सीमावशीकडे. सत्तरीची बाई, पण तिचा निळा कधी रेषेबाहेर गेला नाही.

युवराजांच्या छातीवरून आडवा जाणारा मानाचा पट्टा निळा. एवढं एकच निळं काम. आणि आज मावशीने चाळीस कागदांवर पट्टा हिरवा रंगवला!

बाहेर दाट धुकं, खोलीत उजेड नाही. हिरवी बशी आणि निळी बशी कुणीतरी इकडची तिकडे केली, आणि मावशीला कळलंच नाही. मी ओरडले. नको तेवढी ओरडले. "डोळे फुटलेत का तुझे?" असं तोंडातून गेलं.

"माझा निळा तू मला शिकवणार होय गं?" मावशी म्हणाली. मग एक कागद नाकाजवळ धरला, खिडकीशी नेला, आणि हळूच खाली ठेवला. खरंच फुटत चाललेत तिचे डोळे. हे तिलाही आजच कळलं असावं.

वाईट वाटलं मला. माझा मटण भरलेला पाव तिला दिला. तिने खाल्ला, पण माझ्याकडे पाठ करून. वाया गेलेले चाळीस कागद दाराजवळच्या टोपलीत टाकलेत.

बुधवार, १ मे

काय दिवस! काय दिवस!

मे महिन्याचा पहिला दिवस म्हणून धुराडी साफ करणारे रस्त्यावर ढोल बडवत नाचत होते. आमच्या खिडकीत चित्र लागलं आणि त्यांच्यापुढे बघायला माणूस उरला नाही! मग नाचणारेच आमच्या खिडकीशी आले. एक लॉर्ड, दोन मासेविक्या बायका, एक पाद्री – सगळ्यांची नाकं एकाच काचेला.

"अरे, तो बघ, बेंबीत अडकला!"

"तोफ लावा म्हणावं, तोफ!"

"माझा पोरगा आहे तिकडे स्पेनला," एक मासेवाली म्हणाली. ती हसत नव्हती. खालच्या चार शिपायांकडे बोट लावून उभी राहिली कितीतरी वेळ. मला बाहेर जाऊन तिचा हात धरावासा वाटला.

दुपारपर्यंत रंगीत माल संपला. "कुणी काढलं हे?" "टिकेलने! टिकेलशिवाय कोण?" आणि टिकेल दारात उभा, टोपी काढून वाकतोय. मी आत, बोटांना गुलाबी रंग. काचेच्या आतून मला सगळं दिसत होतं आणि मी कुणालाच दिसत नव्हते.

पण हसणं माझंच होतं! रस्ताभर पसरलेलं ते हसणं मी काढलं होतं. झोप येणार नाही आज.

शुक्रवार, ३ मे

शिपाई आले. तीन शिपाई आणि एक कारकून. राजघराण्याच्या बदनामीचा आरोप – लढाई चालू असताना! कारकुनाने 'लढाई' शब्दावर असा जोर दिला की वाटलं, आत्ताच तिकडून लढून आलाय.

चांगला माल विकून संपलेला. खिडकीतला शेवटचा नग ग्रिंडलबाईंनी दहा मिनिटं आधीच एका गिऱ्हाइकाला दिला होता. शिपायांनी दाराजवळची टोपली पाहिली आणि तीच पुरावा म्हणून उचलली. मावशीने तोंड उघडलं होतं, मी तिला चहा करायला पिटाळलं.

मग कारकुनाने एक कागद उलटसुलट पाहिला. "प्रकाशक ग्रिंडल. कोरणारा टिकेल. डावा कोपरा रिकामा आहे. चित्र काढलं कुणी?"

 मी उठत होते, देवाशप्पथ उठत होते. ग्रिंडलबाईंनी टेबलाखाली मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"मीच काढलं," टिकेल म्हणाला. "काढलं मी, कोरलं मी."

त्याने मला वाचवलं आणि लुबाडलं, दोन्ही एकाच वाक्यात! आता मी त्याच्यावर चिडू की त्याचे पाय धरू? टिकेल आणि ग्रिंडलबाई, दोघांना घेऊन गेले. दुकान बंद. मी रंगाच्या टेबलाशी बसलेय आणि बोटांचा रंग घासून घासून काढतेय.

शनिवार, ४ मे

जामिनावर सुटले दोघं. टिकेलने मटण भरलेले चार पाव खाल्ले आणि म्हणाला तुरुंगातल्या उंदरांनी त्याला ओळखलं. हरामखोर.

रविवार, १६ जून

उद्या खटला. शिक्षा झाली तर दोन वर्षं तुरुंग, दुकान कायमचं बंद. ग्रिंडलबाई चर्चमधून आल्या आणि मला म्हणाल्या, "तू उद्या तोंड उघडायचं नाहीस. तिघांनी जाण्यापेक्षा दोघांनी गेलेलं बरं." हात थंड पडले होते त्यांचे. मी त्यांना 'बाई' म्हणते, पण आई गेल्यावर मला घरात घेतलं ते त्यांनीच.

सोमवार, १७ जून

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

नीट लिहिते. 

कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. मी आणि मर्सीमावशी वरच्या सज्जात. सरकारी वकील उंच, नाकातून बोलणारे. आमचे पेनरोजसाहेब ठेंगणे आणि सर्दीने बेजार. ते आधी शिंकायचे, मग एकच प्रश्न विचारायचे – "चित्रातला हा लठ्ठ गृहस्थ कोण?" कारण चित्रावर नाव कुठेच नाही. तो युवराज आहे हे सरकारनेच सिद्ध करायचं.

आधी पेनरोजसाहेबांपुढे शिपाई.

"हे तू जप्त केलंस? यात कोण आहे?"

शिपाई लालबुंद. "एक... भरदार गृहस्थ."

"नाव?"

"साहेब, माझी नोकरी आहे." लोक फसफसले.

मग सरकारी वकिलांनी वाड्यावरचा मुख्य शिंपी उभा केला. चित्रातला गणवेश आपणच शिवला म्हणून सांगायला. त्याने सांगितलंही. पेनरोज शिंकले.

"कपडे तुमच्या गिऱ्हाइकाचे. आणि कंबर?"

शिंप्याने चित्राकडे पाहिलं, सरकारी वकिलांकडे पाहिलं, मग छताकडे. हो म्हणावं तर वाड्यावरचं काम गेलं! घामाघूम झाला बिचारा.

"माझ्या गिऱ्हाइकाची कंबर," तो म्हणाला, "चौतीस इंच आहे."

 असा हशा फुटला की कोर्टाच्या खिडक्या हादरल्या! न्यायाधीशांनी रुमालात तोंड घातलं. खांदे गदगदताना मला स्पष्ट दिसले.

"म्हणजे चित्रातला गृहस्थ तो नव्हे?"

"शक्यच नाही!" शिंपी ओरडला.

सरकारी वकील चवताळले. खिडकीतलं चित्र पाहून कारकुनाने लिहिलेला अहवाल हातात घेऊन गरजले, "छातीवरचा पट्टा पाहा! निळा मानाचा पट्टा! या देशात असा पट्टा मोजकेच लोक घालतात, आणि त्यात एवढं पोट फक्त –" पुढचा शब्द त्यांनी गिळला, आणि गडबडीने पुराव्याचा कागद ज्यूरीसमोर उंच धरला.

पट्टा हिरवागार!

पेनरोजसाहेब हळूच उठले. "हिरवा पट्टा स्कॉटलंडच्या सरदारांचा. स्कॉटलंडमध्ये कुणा सरदाराचं पोट असं असेल तर त्यांनी तक्रार करावी." सरकारी वकिलांनी दुसरा कागद काढला. हिरवा. तिसरा काढला. हिरवा. ते टोपलीत हात घालून घालून कागद काढतायत, आणि दर कागदाला लोक टाळ्या वाजवतायत!

"मी निळाच दिला होता!" मर्सीमावशी एवढ्यात मोठ्याने म्हणाली. मी तिच्या पायावर पाय दिला. दोन्ही पाय दिले.

ज्यूरी जागची उठलीसुद्धा नाही. निर्दोष! बाहेर येताना पेनरोजसाहेब नाक पुसत म्हणाले, "खाई त्याला खवखवे. खटला भरला नसता तर तो लठ्ठ माणूस कोण, हे अर्ध्या देशाला कळलंही नसतं."

लोकांनी टिकेलला खांद्यावर घेतलं. आमच्या स्ट्रँड रस्त्यावरून मिरवलं. मी ग्रिंडलबाईंना मिठी मारून रडले, मावशीला मिठी मारून रडले. मावशी सारखी विचारत होती, "मग मी चुकले ते बरं झालं की वाईट?" बरं झालं गं मावशी, फार बरं झालं! मी तुझे हात चाटायला तयार आहे, हिरव्या रंगासकट.

आणि तरीही खांद्यावरच्या टिकेलकडे पाहून मनात असूया आली. आजच्या दिवशी तरी यायला नको होती.

मंगळवार, १८ जून

डोकं ठणकतंय. जिन दारू वाईट. विजय चांगला.

शनिवार, १३ जुलै

जेथ्रोचं पत्र. पाच वेळा वाचलं.

आमचं चित्र छावणीत पोचलंय! पलटणीच्या डॉक्टरांनी लिस्बनमध्ये एका व्यापाऱ्याकडून घेतलं आणि तंबूच्या खांबाला ठोकलं. रांगा लागतात म्हणे बघायला. पाय कापलेला एक जण खाटेसकट आत आणायला लावून हसला. वेढा मात्र उठवावा लागला, शिड्या शेवटपर्यंत आखूडच.

"मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या बहिणीने काढलंय, हे बघा माझंच नाक. अख्खा तंबू हसला – चित्राला नाही, मला. सार्जंट म्हणाला, गाढवा, वाचता येतं ना? खाली टिकेल लिहिलंय. ताई, तू काढलंस ना गं? मला वाटलं तसं. पण आता मलाच खात्री राहिली नाही."

सख्ख्या भावाला खात्री नाही!

पुरे झालं. यापुढे माझ्या हातचं एकही चित्र रिकाम्या कोपऱ्याने या दुकानातून जाणार नाही. माझं नाव नाही, तर माझं चित्र नाही. ग्रिंडलबाईंना सांगितलं. "पुढच्या वेळी –" त्या म्हणायला लागल्या आणि माझं तोंड बघून थांबल्या.

सोमवार, २२ जुलै

वाड्यावरून एक गृहस्थ आले. अत्तराचा घमघमाट. मारून जे जमलं नाही ते आता गोंजारून. टिकेलला दरबारी चित्रकार म्हणून कायमचा तनखा. एकच अट – युवराजांची चित्रं काढायची, पण शोभिवंत.

टिकेलने होकार द्यायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात मला शिंकसुद्धा आली नसती. आपली सुया-पिसांची पेटी उचलली आणि चालता झाला.

ग्रिंडलबाई डोकं धरून बसल्यात. कोरणारा गेला, दुकान कशावर चालणार? मला हसू आवरेना. अहो, काढणारा कुठे गेलाय? ती इथेच बसलीये.

गुरुवार, ८ ऑगस्ट

टिकेल आला. मागच्या दाराने.

"डॉर्कस, एकच चित्र काढून दे. घोड्यावरचे युवराज. थोडे बारीक."

"किती बारीक? चौतीस इंच?"

"थट्टा करू नकोस गं. तीन वेळा काढले. वाड्यावरचे गृहस्थ म्हणाले, घोडा कुठला आणि युवराज कुठले ते कळत नाही."

मी एवढी हसले की खाली बसले. तो हसला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. "कोर्टात मी तुला वाचवलं."

"वाचवलंत. त्याचे आभार मरेपर्यंत मानीन. पण चित्र नाही."

"मला येत नाही, डॉर्कस," तो म्हणाला. हळू. सहा वर्षांत पहिल्यांदा. "कोरा कागद बघितला की हात लटपटतो."

त्याची कीव आली. दार लावताना मात्र मी गाणं गुणगुणत होते. मी काही संत नाही.

मंगळवार, २० ऑगस्ट

कोरायला शिकतेय. शिकवणारी कोण? मर्सीमावशी! तिचा नवरा पत्रे कोरायचा, तीस वर्षं हिने त्याचं तेजाब सांभाळलं. डोळे गेले तरी नाक आणि कान जागेवर आहेत. मी मेण लावलेल्या पत्र्यावर सुईने काढते, वर तेजाब ओतते, आणि मावशी कान लावून बसते. "फसफस वाढली. बुडबुडे पिसाने सार. आता थांब. आता ओत काढून!" घड्याळ नाही, काही नाही. चुकत नाही.

मीच चुकते. सगळं उलटं काढायचं असतं, छापल्यावर सरळ येतं. पहिल्या पत्र्यावर युवराज डावखुरे झाले. दुसरा पत्रा तेजाबाने खाल्ला, भोक पडलं. बोटांची कातडी पिवळी. रोज आरशासमोर बसून स्वतःचं नाव उलटं गिरवते. सरळ तर कधी कुणी लिहिलंच नव्हतं!

शनिवार, ७ सप्टेंबर

पत्रा जमला!

दरबारी चित्रकार वाकून चित्र काढतोय – कॅनव्हासवर काठीसारखे सडपातळ युवराज. खरे युवराज पडद्यामागे लपलेत, पण पोट पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. आणि कॅनव्हासची घोडी म्हणून चार अनवाणी शिपाई उभे केलेत, खांद्यावर चित्र पेलून. टिकेलचं नाक जरा लांब आलंय. नाही, जरा नाही. मुद्दाम.

पहिला छाप निघाला. ओला कागद मी दोन्ही हातांनी उचलला. उजव्या कोपऱ्यात डी. पेनिफोल्ड. डाव्या कोपऱ्यात डॉर्कस पेनिफोल्ड, अख्खं. काढलं मी, कोरलं मी!

ग्रिंडलबाई बघत राहिल्या. हसल्या. मग घाबरल्या. "नाव राहू दे, बाई. तुझा हक्क आहे. पण पट्टा तेवढा हिरवा ठेव. हिरव्यानेच वाचलो आपण."

"निळा."

"पोरी, या वेळी शिंपीही खोटं बोलणार नाही. त्याला काढून टाकलंय म्हणे."

"निळाच. हिरव्यामागे लपायचं तर नाव तरी कशाला घालू?"

 ग्रिंडलबाई उठल्या, मर्सीमावशीसमोर बशी ठेवली, तिचा हात धरून बशीत नेला. "हा निळा, मर्सी. मी स्वतः बघितलाय. दे रंग."

मंगळवार, १० सप्टेंबर

खिडकीची काच फुटली! दगडाने नाही, गर्दीने. सुतार येईपर्यंत दोन जण आत पडले आणि दोघांनी चित्रं विकत घेतली.

मी दारात उभी होते. आत नाही, दारात. कुणी विचारलं, "हा पेनिफोल्ड कोण बुवा?" ग्रिंडलबाई आतून ओरडल्या, "बुवा नाही, बाई! ती काय समोर!" सगळे वळले. एक म्हातारा हमाल मला नखशिखांत बघून म्हणाला, "तू काढलंस? तू?" आणि टोपी काढली. मला वाकून नमस्कार करता आला नाही, नुसती वेड्यासारखी हसत राहिले.

एक छाप जेथ्रोला पाठवला. कोपऱ्याभोवती लाल रेघ मारून. सार्जंटला दाखव म्हणावं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

वॉरंट आलं. शिपाई खाली उभे आहेत, ग्रिंडलबाई रडतायत, मावशी माझी शाल शोधतेय. मी मागितली पाच मिनिटं आणि हे लिहितेय. या वेळी त्यात एकच नाव आहे. तीन वेळा वाचलं – 'डॉर्कस पेनिफोल्ड, चित्रकार, स्ट्रँड'. चित्रकार! सरकारने लिहिलंय, राजाच्या शिक्क्यासह. याची एक प्रत मिळते का, विचारते.